मदत हवी आहे : पाण्याखालचा कॅमेरा नदीत कसा वापरायचा?

मंडळी, नमस्कार. मिनेसोटात राहणाऱ्या आतेभावाने त्याचा गळ टाकताना वापरायचा कॅमेरा मला दिलाय. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात, बर्फाला भोक पाडून हा खाली सोडतात आणि वर स्क्रीनवर मासा आमिषाला कसा येतो ते बघतात. बर्फाखाली लाटा नसतात, गाळ खाली बसलेला असतो, म्हणून चित्र स्वच्छ येतं.

मी तो प्रयाग चिखलीजवळ पंचगंगेत सोडला. दिवे लावले की नुसतं पांढरं धुकं दिसतं. उजेड गाळाच्या कणांवरून परत फिरतो. दिवे बंद करून भर दुपारी बघितलं तर जेमतेम हातभर दिसलं. त्यातच धारेत कॅमेरा गरगर फिरतो, केबलला पीळ पडतो.

मरळ आमिष हुंगून मागे का फिरते, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. त्यासाठीच एवढा खटाटोप.

कॅमेरा स्थिर राहावा म्हणून शिसं बांधू, की मागं शेपटीसारखी पट्टी लावू? की सरळ बांबूलाच बांधू? पाणी निवळ कधी मिळतं, डिसेंबरात की उन्हाळ्यात? आपल्याकडच्या एखाद्या तलावात कुणी असा कॅमेरा वापरला असेल तर कृपया सविस्तर सांगा.