मदत हवी आहे: राज्यसभेचा खासदार खरंच दुबळा का?

नमस्कार मंडळी. मुलगी फोंड्याला बारावीत आहे. गणेश चवथीनंतर वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'राज्यसभेचा खासदार लोकसभेच्या खासदारापेक्षा दुबळा असतो'. तिच्या वाट्याला विरोधाची बाजू आलीय, आणि सध्या घरात जेवतानाही हेच.

लोकसभा वरचढ, हे कुणीही सांगेल. सरकार पडतं ते तिथल्या अविश्वास ठरावानं. धनविधेयक राज्यसभा फार तर 14 दिवस ठेवून घेणार. 2002 साली 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याचं विधेयक राज्यसभेनं फेटाळलं, तरी संयुक्त बैठकीत मंजूर झालंच.

पण विषयात सभागृह नाही, खासदार आहे. घटनादुरुस्तीला संयुक्त बैठकीची पळवाट नाही, दोन्हीकडे वेगवेगळं विशेष बहुमत लागतं. मग राज्यसभेच्या 245 जणांतलं एक मत लोकसभेच्या 543 जणांतल्या एका मताच्या दुपटीहून जड झालं ना? गोव्याचंच बघा. उत्तर आणि दक्षिण मिळून लोकसभेत आपले दोन, म्हणजे 0.37 टक्के. राज्यसभेत एकच, पण 0.41 टक्के! हा हिशेब परीक्षकांपुढे टिकेल का? की पक्षाचा व्हिप (अमुकच मत द्या असा आदेश) आला की सगळं मुसळ केरात?

खासदार निधी दोघांनाही वर्षाला 5 कोटीच, त्यामुळे तो मुद्दा मी काढून टाकलाय. आणखी काय घालता येईल?

प्रतिसाद:
हिशेब बरोबर आहे, पण सगळी भिस्त त्यावर नको. व्हिपची भीती सोडा. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट दोन्ही सभागृहांना सारखंच लागू, त्यानं कुणी एकच दुबळा ठरत नाही. राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही दोघे समान: 2022 मध्ये खासदाराच्या मताचं मूल्य दोन्हीकडे 700 होतं, आपल्या आमदाराचं 20.

खरं हत्यार कलम 249. राज्यांच्या सूचीतल्या विषयावर संसदेला कायदा करू द्यायचा तर ठराव राज्यसभेनंच करायचा. नव्या अखिल भारतीय सेवेसाठी कलम 312, तेही तसंच. इथे लोकसभेच्या खासदाराला मतच नाही. लोकसभेत दोनच खासदार असलेल्या राज्यातल्या मुलीनं हे ठासून सांगावं.

समोरचे सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी अंदाज समिती काढतील, तिचे तीसही सदस्य लोकसभेचे असतात. तयारी ठेवा. सरकारी हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीत मात्र 22 पैकी 7 राज्यसभेचे.

आणि आपले मनोहर पर्रीकर विसरू नका. 2014 मध्ये संरक्षणमंत्री झाल्यावर ते राज्यसभेतच गेले, तेही उत्तर प्रदेशातून. यावर कुणी 'मग तो राज्याचा प्रतिनिधी कसला?' म्हणालं तर अडचण होईल, कारण 2003 पासून त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
देव बरें करूं! 249 चा ठराव कायमचा असतो का?

प्रतिसाद:
नाही. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष, मग पुन्हा ठराव. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, ते तिच्याकडून पाठ करून घ्या.