रोगलाइकमध्ये नकाशा आणि एन्टिटीचे क्लास कसे वेगळे करावेत?

तळघर_प्रवासी:
रोगलाइक, म्हणजे घरांच्या नकाशावर पाळीपाळीने खेळायचा तळघराचा गेम, बनवतोय: पायथन, नमपाय (ॲरेची लायब्ररी) आणि टीकॉड (रोगलाइकसाठीची लायब्ररी). नकाशा ८० × ४५. प्रत्येक घर म्हणजे टाइल क्लासचा एक ऑब्जेक्ट, आणि त्यात तिथल्या एन्टिटींची (मॉन्स्टर, वस्तू वगैरेंची) लिस्ट. शिवाय नकाशाकडे सगळ्या एन्टिटींची वेगळी लिस्ट आहे. गॉब्लिन मेला की नकाशाच्या लिस्टमधून जातो, पण टाइलमध्ये राहतो आणि ते घर अडलेलंच राहतं. दुसरा प्रश्न इनहेरिटन्सचा: आयटम आणि मॉन्स्टर हे एन्टिटीचे दोन सबक्लास आहेत. मग मिमिक, म्हणजे पेटी असल्याचं सोंग घेतलेला मॉन्स्टर, कुठे बसवायचा? आणि दार ही टाइल की एन्टिटी?

भिंतीपलीकडे:
आधी टाइल क्लास काढून टाका. ८० × ४५ म्हणजे ३६०० घरं. त्यांतल्या बहुतेक भिंती हुबेहूब सारख्या असताना प्रत्येकीला स्वतंत्र ऑब्जेक्ट कशाला? पूर्णांकांचा एक ॲरे ठेवा: ० भिंत, १ जमीन, २ बंद दार, ३ उघडं दार. बाजूला एक छोटा तक्ता, त्यात प्रत्येक प्रकाराचं चिन्ह, त्यावरून चालता येतं का, पलीकडचं दिसतं का. 'आत्ता दिसतंय' आणि 'आधी पाहिलंय' हे दोन बूलियन ॲरे वेगळे. दृष्टिक्षेत्र काढायला टीकॉडला पारदर्शकतेचाच ॲरे लागतो, तो तक्त्यावरून एका ओळीत मिळतो.

म्हणून दार टाइलमध्येच ठेवा. उघडलं की २ चा ३, आणि दृष्टिक्षेत्र आपोआप बरोबर येतं. दार एन्टिटी केलंत तर पारदर्शकता दोन ठिकाणी तपासावी लागेल आणि कधीतरी एक राहून जाईल. कुलूप किंवा सापळ्याची माहिती हवी असेल तर (x, y) ही की असलेली वेगळी डिक्शनरी पुरते. नेटहॅक या जुन्या रोगलाइकमध्येही दार हा भूभागाचाच प्रकार आहे.

अर्धविराम:
एन्टिटीसाठी एकच क्लास: जागा, चिन्ह, नाव, घर अडवतो का. बाकी सगळं कॉम्पोनंट, म्हणजे एन्टिटीला जोडायचे छोटे ऑब्जेक्ट: लढाई, एआय, उचलण्याजोगं, साठा. नसेल तिथे नन (None). मिमिक म्हणजे पेटीचं चिन्ह घेतलेली, घर अडवणारी, एआय नसलेली एन्टिटी. उघडायला गेलात की एआय जोडा, चिन्ह आणि नाव बदला. ऑब्जेक्ट तोच राहतो, क्लास बदलावा लागत नाही.

अडून राहिलेल्या घराचं मूळ असं की एकच गोष्ट दोन जागी नोंदली आहे. खरी नोंद एकच ठेवा: एन्टिटी कोणाकडे आहे, नकाशावर, पिशवीत की पेटीत. नेटहॅकच्या प्रत्येक वस्तूत नेमकं हेच सांगणारं 'व्हेअर' नावाचं फील्ड आहे. वेगासाठी (x, y) वरून अडवणारा शोधायची डिक्शनरी जरूर ठेवा, पण ती फक्त ठेवा, हलवा, काढा या तीन मेथडनीच बदलायची. बाहेरून कोणी थेट x बदलला की तोच बग परत येतो.

मरणाऱ्याला डिक्शनरीतून लगेच काढा, पण मुख्य लिस्टमधून चाल संपल्यावर. लूप चालू असताना लिस्टमधून काढलं तर पायथन पुढचा घटक गाळतो, म्हणजे एका मॉन्स्टरची पाळी गुपचूप हुकते.

भिंतीपलीकडे:
प्रोटोटाइपवरून (नमुना एन्टिटीवरून) गॉब्लिन बनवताना कॉपी नको, डीपकॉपी (आतल्या ऑब्जेक्टसकट कॉपी) करा. साध्या कॉपीत लढाईचा कॉम्पोनंट सामाईक राहतो आणि एकाला मारलं की सगळ्यांची एचपी (उरलेली जीवनशक्ती) घटते. उलट, नकाशावर आधीच असलेल्या एन्टिटीची डीपकॉपी केलीत तर मालकाच्या संदर्भामागून अख्खा नकाशा कॉपी होतो. त्यामुळे प्रोटोटाइपचा मालक नेहमी नन. आणि नमपायमध्ये [y, x] की [x, y] हे आजच ठरवा. नकाशा चौरस नसल्याने गल्लत झाली की x ४५ वर पोहोचताच इंडेक्स एरर येतो.

तळघर_प्रवासी:
आभार, दार टाइलमध्येच घेतो. अनेक मजले असतील तर एन्टिटींची लिस्ट गेमकडे की मजल्याकडे?

अर्धविराम:
मजल्याकडे. जिना उतरताना खेळाडूला आधी जुन्या मजल्यावरून 'काढा', मग नव्यावर 'ठेवा'. हा क्रम उलटला तर जुन्या मजल्याच्या डिक्शनरीत त्याची नोंद तशीच राहते, आणि परत वर आल्यावर जिन्याचं घर अडलेलं सापडतं.