पॅकेज 9 लाख, घर डोंबिवलीत: महिना निभेल का?

गोदाकाठ
नाशिकहून लोअर परळच्या नोकरीवर येतोय. पॅकेज 9 लाख, म्हणजे महिना 75,000. बायको घरी असते, मुलं दुसरीत आणि चौथीत. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके बघितलाय, भाडं 16,000, डिपॉझिट 60,000. वाणसामान 12,000, दोघांची शाळा 6,000, वीज-गॅस-नेट 4,000. म्हणजे 35,000 तरी मागे पडतील ना? काही राहून गेलंय का?

हिशेबनीस
सुरुवातच चुकली आहे. 75,000 हातात येत नाहीत. बेसिक (मूळ पगार) निम्मं, 37,500 धरा. कंपनीचा पीएफ 4,500 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 1,800 पॅकेजमध्येच मोजलेले असतात. वर तुमचा पीएफ 4,500 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) कापला जातो. उरले 64,000. पीएफ पूर्ण बेसिकऐवजी फक्त 15,000 च्या मर्यादेवर कापत असतील तर 69,000 च्या आसपास. व्हेरिएबल पे (कामगिरीवर मिळणारा भाग) असेल तर तो आणखी वजा. नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर शून्य, तेवढाच दिलासा. एचआरला पॅकेज नको, पगारपत्रकाचा नमुना मागा.

दुसरं, वाणसामानात दूध-भाजी धरलेली दिसत नाही. रोज दीड लिटर दूध, 60 रुपयांनी, महिन्याला 2,700. भाजी-फळं वेगळीच.

कसारा_फास्ट
प्रवास कुठे गेला? लोअर परळसाठी दादरला गाडी बदलायची गरज नाही, करी रोडला उतरून चालत जाता येतं. पास तिमाही काढा, 2.7 महिन्यांच्या पैशात तीन महिने होतात. खरा खर्च घर ते स्टेशन शेअर रिक्षाचा: 15 रुपये सीट धरली तरी दोन वेळचे 30, पंचवीस दिवसांचे 750. सेकंड क्लासच्या पासापेक्षा जास्त! घर बघताना स्टेशनपर्यंत एकदा चालून बघा.

हिशेबनीस
बजेट कोसळतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. जूनची पुस्तकं-गणवेश, विमा, गणपती, दिवाळी, नाशिकच्या फेऱ्या. बेरीज करून बाराने भागा. 84,000 आली तर दर महिन्याला 7,000, पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात. विजेचंही तसंच: महावितरणच्या बिलात 100 आणि 300 युनिटनंतर पुढच्या युनिटांचा दर चढतो, त्यामुळे मे महिन्यात पंखे-कूलरने युनिट दीडपट झाले की बिल दीडपटीच्या वर जातं. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, निम्मं दरमहा बाजूला काढा.

लिव्ह_लायसन्स
घरात शिरतानाचे पैसे: डिपॉझिट 60,000, पहिलं भाडं 16,000, दलाली बहुतेक एक भाडं, शिवाय टेम्पो. भाडेकरारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून तुमचे 500 च्या आत बसतात, नोंदणी 1,000. कोणी चार-पाच हजार सांगितले तर वरचे त्याचे आहेत, घासाघीस करा. नूतनीकरणाला भाडं किती वाढणार आणि दलाली पुन्हा लागणार का, हे टोकन (घर पक्कं करायचे आगाऊ पैसे) देण्याआधी ठरवा. टोकन गेलं की कोणी ऐकत नाही.