तेल-तुपामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दाह कसा होतो आणि तो कमी कसा करावा?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
माझ्या मोठ्या भावाची नुकतीच नागपूरला अँजिओप्लास्टी झाली. रक्तवाहिन्यांत दाह आहे, तेलकट कमी करा, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. आमच्या घरी भाजीवर तर्री दिसल्याशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही आणि तेल बहुतेक पामतेलच असते. खाल्लेली चरबी थेट नळीत जाऊन बसते काय? दाह होतो म्हणजे नेमके काय होते?

उत्तर (निवृत्त औषधनिर्माता, वर्धा)
भाऊ, चरबी थेट जाऊन बसत नाही. पामतेलातील जवळपास निम्मी चरबी संतृप्त (सॅच्युरेटेड) असते, आणि अशी चरबी आहारात वाढली की रक्तातील एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचे यकृताचे काम मंदावते. रक्तात साचलेले एलडीएलचे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात, तिथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि शरीराला ते परके वाटू लागतात. त्यांना गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच अडकतात आणि आणखी पेशींना बोलावणारी रसायने सोडत राहतात. हाच तो दाह. त्यामुळे चरबीच्या थरावरचे आवरण पातळ होते, आणि ते फाटले की त्या जागी रक्ताची गुठळी होऊन झटका येतो. म्हणूनच नळी फारशी अरुंद नसलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो.

दाहाचा वाटा किती खरा आहे, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर ती झाली होती. तिच्यातील कॅनाकिनुमॅब हे औषध कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह कमी करते, तरीही पुढील झटके व पक्षाघात सुमारे १५ टक्क्यांनी घटले. त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ते हृदयरोगासाठी सर्रास दिले जात नाही. आपल्या भावाला स्टॅटिनची गोळी दिली असेल, तर तिने एलडीएल आणि दाह दोन्ही कमी होतात. बरे वाटते म्हणून ती मनाने बंद करू नये.

उत्तर (गृहिणी, अकोला जिल्हा)
दादा, तेल बदलण्याआधी मोजायला लागा. पाच माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल म्हणजे माणशी रोजचे २० मिलिलिटर, आणि तेवढ्यात भाजी, वरण, चटणी सर्व काही होते. तर्रीची सवय असेल तर तीळ, खोबरे व कांदा भाजून केलेल्या वाटणाने रस्सा दाट करावा. खोबरे मात्र बेताचेच, कारण त्यातील चरबीही संतृप्त आहे. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. चौकातल्या कढईतला आलूबोंडा याच कारणाने टाळावा. आपल्या विदर्भातली जवस तर हाताशीच आहे. तिच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ ही हृदयाला हितकर असंतृप्त चरबी असते, म्हणून भाकरीसोबत रोज जवसाची चटणी असू द्यावी.

प्रश्नकर्ता
ताई, काका, आभारी आहे. घाण्याचे तेल घेतले तर चालेल काय? भावाला खर्रा खाण्याचीही सवय आहे.

उत्तर (निवृत्त औषधनिर्माता, वर्धा)
घाण्यावरचे करडई किंवा शेंगदाण्याचे तेल पामतेलापेक्षा निश्चित बरे, कारण त्यात संतृप्त चरबी कमी असते. परंतु घाण्याचे आहे म्हणून जास्त वापरले तर लाभ उरत नाही. पामतेल कमी करून त्याची भर साखरेने आणि मैद्याने काढली, तरीही उपयोग नाही. खर्रा मात्र पूर्ण बंद झालाच पाहिजे. त्यातील तंबाखू धमनीच्या त्याच अस्तराला इजा करते, आणि एकीकडे तेल मोजून दुसरीकडे खर्रा चालू ठेवणे मला फार घातक वाटते. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून लिपिड (रक्तातील चरबीची) तपासणी करावी, आणि त्यासोबत एचएस-सीआरपी ही रक्ततपासणी करण्याची गरज आहे का, हेही विचारावे; दाहाचा अंदाज त्यावरून येतो. मात्र ताप, सर्दी किंवा जखम असताना ती तपासणी करू नये, कारण तेव्हा आकडा त्या आजारामुळेच चढलेला असतो.