१९७४ च्या आधीचं सायप्रस

सायप्रसबद्दल असं म्हटलं जातं की तुर्कस्तानने १९७४ मध्ये तिथे सैन्य उतरवलं आणि तेव्हापासून वाद सुरू झाला. सैन्य उतरलं हे खरंच, पण त्याच्या पाच दिवस आधी ग्रीसच्या लष्करी राजवटीने सायप्रसचं सरकार उलथवलं होतं, ते यात सुटतं. आणि राजधानी निकोसियातली ‘ग्रीन लाइन’, म्हणजे ग्रीक आणि तुर्की वस्त्या वेगळ्या करणारी रेषा, तर डिसेंबर १९६३ मध्ये या दोन समाजांत झालेल्या दंगलींनंतरच आखली गेली. नोकरीनिमित्त इथे राहताना एक गोष्ट हमखास जाणवते: ग्रीक शेजाऱ्याला विचारा, कहाणी १९७४ पासून सुरू होते; लेड्रा स्ट्रीटच्या नाक्यावर पासपोर्ट दाखवून रेषेपलीकडे जा, तुर्की दुकानदार १९६३ पासून सांगतो. दोघेही खोटं बोलत नसतात.

आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसलेला भाग म्हणजे १९६४ मध्ये आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख भारतीय होते, जनरल ग्यानी. त्यांच्यामागून आले आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या. ते डिसेंबर १९६५ मध्ये इथेच, कामावर असताना वारले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढलं. म्हणजे १९७४ च्या दहा वर्षं आधीच इथे शांतिसेना लागत होती!