शायलॉक वर्गात आणावा का?

खडूधूळ: नववीला शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ शिकवते. यंदा एका पालकांची चिठ्ठी आली: ज्यू सावकाराला खलनायक करणारं नाटक मुलांपुढे नको. माझं म्हणणं, शिकवावं आणि अख्खं शिकवावं. पहिल्याच अंकात हा सावकार, शायलॉक, कर्ज मागायला आलेल्या व्यापारी अँटोनिओला सुनावतो, तू मला कुत्रा म्हणालास, अंगावर थुंकलास. अँटोनिओ नाकारत नाही, वर पुन्हा थुंकेन म्हणतो! इथे वर्ग चिडीचूप होतो.

उंबरठा: तुमचा होत असेल. 1600 च्या छापील प्रतीच्या मुखपृष्ठावरच शायलॉकच्या ‘आत्यंतिक क्रौर्या’ची जाहिरात आहे. ज्यूंना इंग्लंडमधून 1290 मध्येच हाकललेलं, म्हणजे बहुतेक प्रेक्षकांना ज्यू माहीत तो ऐकीव गोष्टींतून. 1943 मध्ये नाझी अमलाखालच्या व्हिएन्नात हेच नाटक रंगलं. संहितेत सोय होती म्हणूनच ना? आणि वर्गात त्या धर्माचं एकच पोर असेल तर? मधल्या सुट्टीत त्याला ‘ए शायलॉक’ ऐकावं लागतं, तेव्हा बाई स्टाफरूममध्ये असतात.

तिरपागडा: भांडता कशाला? वेचे घ्या. नायिका पोर्शियाचं कोर्टातलं दयेवरचं भाषण घ्या, विषय संपला.

खडूधूळ: वेच्यांनीच तर घात केलाय. ते भाषण घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना पुढचं ठाऊकच नसतं. कर्ज फिटलं नाही म्हणून करारानुसार अँटोनिओच्या अंगाचं मांस मागणाऱ्या शायलॉकला तीच पोर्शिया कायद्याच्या कोंडीत पकडते, मालमत्तेवर गदा येते, आणि अँटोनिओच्या अटीवरून त्याला धर्म बदलायला लावतात. ‘मला बरं वाटत नाही’ म्हणून तो जातो तो जातोच. पाचव्या अंकात चांदणं आणि अंगठ्यांची थट्टा. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, “बाई, त्याची आठवण कुणीच नाही काढत?” ‘ज्यूला डोळे नसतात का’ हा उताराही शेवटी सुडावरच येतो. तो अर्ध्यात तोडला की शायलॉक उगाच संत होऊन बसतो.

मधल्या सुट्टीचं मात्र खरंय. मुलांना भूमिका वाटून देणं मी त्यापायीच बंद केलं. शायलॉक मीच वाचते.

उंबरठा: हे बरं केलंत. तरी नववीतच कशाला? अकरावीत काय बिघडतं? परीक्षेत येणार ‘पोर्शियाचे स्वभावचित्र रेखाटा’. तुमची ही चर्चा बसते कुठल्या तासाला?

खडूधूळ: ऑफ तासाला. चार वर्षं तशीच चाललीय.