खासगी समुपदेशकांकडे पहिल्यांदा जाताना काय विचारून घ्यावे?

रंकाळाकाठ
नमस्कार. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत हिशेबाचे काम करते. आईला जाऊन वर्ष झाले, तेव्हापासून झोप नीट लागत नाही, आणि यंदा मार्चअखेरीच्या घाईतही मी खतावणीचे एकच पान तासभर उघडे ठेवून बसले होते, हे साहेबांच्याही लक्षात आले. मैत्रिणीने राजारामपुरीतील एका समुपदेशक बाईंचा क्रमांक दिला आहे. तो चार दिवस पर्समध्ये तसाच आहे. फोनवर काय विचारावे आणि काय विचारलेले त्यांना खटकेल? शिवाय आपल्या गावात कोणाशीही बोलायला जावे, तर तो कुठून तरी आपला पाहुणा निघतो, ही भीती वेगळीच.

जुनाशाहूपुरीकर
ताई, शिक्षण आधी विचारा, आणि संकोच न करता विचारा. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषध लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, पण त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि ते नाव परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते. नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीवरून मात्र काहीच कळत नाही. पदवी कोणती, मानसशास्त्रात एम. ए. केल्यानंतर कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हे विचारावेच लागते.

मी हे विचारले नव्हते. दुसऱ्याच भेटीत त्या गृहस्थांनी ‘तुमच्यासारखेच एक जण येतात, गुळाची अडत आहे त्यांची’ असे सांगायला सुरुवात केली आणि मार्केट यार्डातला तो माणूस कोण, हे मला तिथेच कळले. मग माझी गोष्ट ते कोणाला सांगत असतील? फी देऊन जिना उतरलो, तो परत चढलो नाही. पुढे दुसरीकडे गेलो आणि उपयोग झाला, हेही सांगायला हवे.

निवृत्त_मानसशास्त्रज्ञ
वरील अनुभव वाचून वाईट वाटले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 23व्या कलमानुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर बंधनकारक आहे. त्यालाही अपवाद आहेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश, अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळणे. हे अपवाद पहिल्याच भेटीत, तुम्ही न विचारता, सांगितले जायला हवेत. संमतीपत्र लेखी असेल तर उत्तम.

पाहुण्यांची भीती रास्त आहे. तुमच्या घरच्यांशी त्यांची ओळख निघाली, तर जबाबदार व्यक्ती स्वतःच दुसऱ्याचे नाव सुचवते. महाद्वार रोडवर समोरासमोर गाठ पडली तर ओळख दाखवायची की नाही, हेसुद्धा आधी ठरवता येते. माझा प्रघात असा होता की समोरची व्यक्ती बोलल्याशिवाय मी बोलत नसे.

वर्षभर झोप नसेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. आणि जगू नये असे कधी वाटले, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका: टेली-मानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

मंगळवारपेठ_77
पैशाचेही स्पष्ट बोलून घ्या. फी किती, भेट 45 मिनिटांची की तासाची, आणि ऐनवेळी रद्द केली तर फी द्यावी लागते का? बऱ्याच ठिकाणी द्यावी लागते. याच कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा लागू केला असला, तरी रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या भेटींचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीत सहसा मिळत नाही. पावती मात्र जपून ठेवा.

रंकाळाकाठ
सर्वांचे आभार. आज जेवणाच्या सुट्टीत फोन केला. नोंदणी क्रमांक मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितला आणि माझे माहेर कुठले हेही विचारून घेतले, ओळख निघते का ते पाहण्यासाठी. निघाली नाही. गुरुवारी सव्वासहाची वेळ मिळाली आहे. खाली चष्म्याचे दुकान आहे, त्यामुळे जिन्यात कोणी भेटलेच, तर नंबर वाढला म्हणून आले होते, असे सांगेन.